वाण साखरमुळाचे

नोव्हेंबर संपत आलेला असतो. दोन-चार रात्री दव गोठून गेलेले असते आणि उन्हाळ्यात छातीइतके उंच झालेले दांडे वाळून काळपट पडलेले असतात. बुंध्याभोवती दाताळे खोल रोवून माती सैल करायची आणि गड्डा अलगद उचलायचा. माती झटकली की एकाच माथ्याखाली बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, राखाडी-पांढरी मुळे झुपक्याने लोंबताना दिसतात. कुठे गाठी, कुठे वळसे, एकही मूळ दुसऱ्यासारखे नाही. धुऊन उकडली की त्यांची चव गाजराच्या जवळ जाते, मऊपणा बटाट्याच्या, आणि गोडी या दोघांपेक्षा जास्त. इंग्रजीत या भाजीला स्किरेट म्हणतात. जर्मन, डच, स्वीडिश आणि डॅनिश या चारही भाषांत तिच्या नावाचा अर्थ एकच आहे : साखरमूळ.

मुळे तोडून घेतली की हातात माथा उरतो, आणि त्यावर पुढच्या वर्षीचे डोळे आधीच आलेले असतात. दोन-तीन डोळ्यांचा एकेक तुकडा सुटा करून तो पुन्हा मातीत लावायचा. या पिकाची काढणी आणि लागण अशी एकाच दिवशी, एकाच ओल्या हातांनी होते. एका गड्ड्यातून चार-पाच रोपे सहज निघतात. वाफ्यात जागा एखाद्याचीच असते, त्यामुळे उरलेली कुणाला तरी द्यावी लागतात. मराठीत पिकाच्या जातीला वाण म्हणतात आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात हातावर ठेवतात त्यालाही वाणच म्हणतात. साखरमुळाच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून जातात. बाजाराने ही भाजी केव्हाच सोडून दिली. ती आजवर टिकली ती कुणीतरी कुणाच्या तरी हातावर ठेवत आल्यामुळे. प्रस्तुत पुस्तक म्हणजे त्या हातांची आणि त्या मुळाची हकिकत आहे.

मी तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. दरवर्षी कोथिंबिरीचे फुलोरे आणून मुलांना चामर कुल समजावून दिले. लेखिका त्याच वर्गात बसून गेलेल्या. तेव्हा स्किरेट हे नाव माझ्यासाठी फक्त एका यादीतले नाव होते. ते झाड मी पहिल्यांदा पाहिले आणि चाखले ते पुष्कळ वर्षांनी, लेखिकेच्या इंग्लंडमधल्या वाफ्यावर. शिकवलेले कुल शिकलेल्या विद्यार्थिनीच्या हातून परत मिळाले. ही प्रस्तावना लिहिताना ते ऋण माझ्या मनात आहे.

ज्यांना हा विषय अगदी नवा आहे त्यांनी आधी स्वयंपाकघरात जावे. जिरे, धने, ओवा, बडीशेप, शहाजिरे, शेपू, कोथिंबीर, गाजर आणि हिंग ही सगळी एकाच कुलातली मंडळी आहेत. या कुलाचे फुलोरे छत्रीच्या काड्यांसारखे एका बिंदूतून फुटतात आणि वर सपाट पसरतात, म्हणून मराठीत याला चामर कुल म्हणतात. जगभर या कुलाच्या सुमारे ३७०० जाती आहेत. आपण भारतीयांनी या कुलाचे मुख्यतः फळ ओळखले, म्हणजे ज्याला आपण बी समजून फोडणीत टाकतो ते. शेपू-कोथिंबिरीचे पान ओळखले. हिंगाच्या रूपाने मुळाला चीर देऊन निघणारा चीक ओळखला. मूळ म्हणून मात्र गाजरापाशीच आपण थांबलो. शहाजिऱ्याचे उदाहरण तर बोलके आहे. काश्मीर आणि किन्नौरच्या डोंगरांत ते जमिनीखालच्या छोट्या कंदापासून वर्षानुवर्षे उगवते. आपल्या डब्यात फक्त जिरे येते, कंद तिकडेच राहतो.

थंड प्रदेशांतल्या लोकांनी याच कुलाच्या मुळांवर हिवाळे काढले. इंग्लंडमध्ये पार्स्निप मुख्य झाले : फिकट, जाड, एकच सरळ मूळ, जे थंडीत जमिनीतच ठेवले तर त्यातल्या पिष्टाची साखर होते. रशियन भाषेत त्याला पास्तेर्नाक म्हणतात. ‘डॉक्टर झिवागो’ लिहिणाऱ्या कवीचे आडनाव तेच. मध्य युरोपात सुपाच्या जुडीत मुळाची पार्सली आणि सेलरीचा गड्डा आले. फ्रान्समध्ये कंदाचे चर्व्हिल लावत, ज्याचे बी थंडीत ओले राहिल्याशिवाय उगवतच नाही. अँडीज पर्वतात युरोपीय माणूस पोहोचण्याआधीपासून अराकाचा पिकत होता आणि आजही कोलंबिया, व्हेनेझुएला, ब्राझीलच्या बाजारात तो रोजची भाजी आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांनी याम्पाचे कंद खणून खाल्ले. या सगळ्या भावंडांत स्किरेट वेगळे उठून दिसते, कारण इतर बहुतेकांचे मूळ एकच आणि आयुष्य दोन वर्षांचे असते, तर स्किरेटची मुळे अनेक आणि झाड बारमाही असते.

याच कुलात जगातल्या काही जहाल विषारी वनस्पतीही आहेत, हे मी पहिल्याच पानांत सांगून ठेवतो. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला दिलेला हेमलॉकचा प्याला याच कुलातला. ब्रिटनच्या ओढ्यांकाठी ओएनान्थे क्रोकाटा नावाचे झाड वाढते. त्याची मुळे पांढरी, बोटांसारखी आणि झुपक्याने येणारी, म्हणजे वरवर पाहता स्किरेटसारखीच. ती खाणे प्राणघातक आहे. स्किरेटलाही ओलच आवडते, त्यामुळे गफलत होण्याची शक्यता कल्पनेतली नाही. म्हणून लेखिकेने पहिला नियम घातला आहे तो असा : रानातून काहीही खणून खायचे नाही, खात्रीच्या माणसाकडून मिळालेले बेणे किंवा बीच लावायचे, आणि वाफ्यात नाव लिहिलेली पट्टी रोवायची. हा नियम वाचकांनी तंतोतंत पाळावा असे माझेही सांगणे आहे.

आता थोडा इतिहास. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात निसर्गविषयक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात सिसेर नावाच्या मुळाचा उल्लेख आहे. सम्राट टायबेरियस हे मूळ दरवर्षी जर्मनीहून मागवून घेई आणि ऱ्हाइनकाठच्या गेल्डुबा या ठाण्याजवळचे सर्वांत चांगले मानले जाई. थंड जागा त्याला मानवते, हे प्लिनीने त्यावरूनच ताडले. तो पुढे सांगतो की मुळाच्या मधून एक शीर लांबच्या लांब जाते, शिजल्यावर ती ओढून काढतात आणि उरलेली कडसर चव मधाच्या मद्याने मारतात. रोमन लोक मुळांच्या नावांत फार काटेकोर नव्हते. गाजर आणि पार्स्निप यांनाही ते एकाच नावाने हाक मारत, म्हणून सिसेर म्हणजे नक्की काय यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्याने स्किरेट शिजवले आहे त्याला प्लिनीची ती शीर लगेच ओळखू येते. आजही या भाजीचा मोठा दोष तोच आहे : मधला चिवट, लाकडासारखा दांडा. हलव्यासाठी गाजर किसताना आपल्याकडेही मधला दांडा काढून टाकतात, तसाच हा प्रकार आहे.

युरोपात या भाजीचा भर होता तो सोळाव्या आणि सतराव्या शतकात. जॉन जेरार्डने १५९७ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात तिचे वर्णन केले, जॉन पार्किन्सनने १६२९ मध्ये परसबागेच्या भाज्यांत तिला जागा दिली आणि जॉन एव्हलिनने १६९९ मध्ये सॅलडवर लिहिलेल्या पुस्तकात टायबेरियसची गोष्ट पुन्हा सांगून तिची तारीफ केली. श्रीमंतांच्या घरी स्किरेट लोण्यात परतून, पिठाच्या आवरणात भाजून, पायमध्ये भरून खात. बटाटा तेव्हा युरोपात नवखा होता आणि साखर महाग होती. जमिनीतून निघणारी गोड भाजी म्हणजे त्या काळच्या जेवणातली चैन होती.

या इतिहासात १७४७ हे साल फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये हॅना ग्लास यांचे पाकपुस्तक निघाले आणि त्यात स्किरेटची पाककृती होती. त्याच वर्षी बर्लिनमध्ये आन्ड्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने काही मुळे वाळवून, मद्यार्कात उकळवून त्यांतली साखर वेगळी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे स्फटिक पाहिले. उसातली साखर आणि ही साखर एकच आहे हे त्याने दाखवून दिले. त्याने तपासलेल्या मुळांत पांढरा बीट होता, तांबडा बीट होता आणि स्किरेट होते. पुढे त्याचा शिष्य फ्रान्त्स आखार्ड याने सायलेशियातल्या कुनेर्न गावी १८०१-०२ च्या सुमारास पहिला बीट साखर कारखाना उभारला. नेपोलियनच्या काळात इंग्रजांशी व्यापार तुटला, उसाची साखर येईना आणि बीटाचे भाग्य उजळले. बीटाचे मूळ एकच, जाड, खणायला आणि किसायला सोपे. स्किरेटची मुळे अनेक, बारीक, गाठाळ. प्रयोगशाळेत दोघे एका टेबलावर होते. कारखान्याच्या दारातून मात्र एकटा बीट आत गेला.

स्किरेट मागे का पडले याची कारणे त्या एका प्रसंगात सापडतात. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमाने पिकवलेल्या उसाची साखर स्वस्त होत गेली आणि मागोमाग बीटाची साखर आली, तेव्हा भाजीच्या गोडीला असलेली किंमत उतरली. दुसरीकडे अठराव्या शतकात बटाट्याने शेत व्यापले. तेवढ्याच जागेत पोटभर पीक, धुणे सोपे, साठवण सोपी. आणि ज्या भाजीचे वीस तुकडे एकेक करून घासावे लागतात तिच्यासाठी नोकरचाकरांचे हात लागत. ते हात जसे कमी झाले तशी भाजी ताटातून गेली.

याच कुलातल्या पार्स्निपची गोष्ट वेगळी झाली. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टरच्या शेतकी महाविद्यालयात जेम्स बकमन या प्राध्यापकाने १८४७ च्या सुमारास रानटी पार्स्निपचे बी पेरून, दरवर्षी चांगली मुळे निवडून नवा वाण घडवायला घेतला. १८६० मध्ये सटन्स या बियाणे कंपनीने तो ‘स्टुडंट’ या नावाने विकायला काढला आणि तो आजही मिळतो. रानटी, बारीक, फाटे फुटलेल्या मुळाचे सरळ, जाड मूळ करायला एका चिकाटीच्या माणसाची थोडीच वर्षे पुरली. स्किरेटला असा बकमन मिळाला नाही. त्याचे दोष जन्माचे आहेत की दुर्लक्षाचे, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहिला, आणि या पुस्तकाची खरी ओढ त्याच प्रश्नाकडे आहे.

स्किरेट लावणाऱ्यांमध्ये ठळक असे काही पंथ आहेत. पहिला वाद फार जुना आहे : बी पेरावे की गड्डा फोडून लावावा? फिलिप मिलर या लंडनच्या नामांकित माळ्याने अठराव्या शतकातल्या आपल्या बागकामाच्या कोशात बियांना झुकते माप दिले. बियांपासून आलेली मुळे मोठी होतात आणि त्यांत लाकडासारखा दांडा कमी असतो, असा त्याचा अनुभव. पण बियांच्या वाटेवर धीर लागतो. चामर कुलाचे बी लवकर जुने होते, म्हणून गेल्या हंगामाचेच घ्यावे लागते. त्याला काही आठवडे थंड ओल मिळाली तर ते बरे उगवते, तरी सगळे एकदम वर येत नाही. शरद ऋतूत उघड्यावर पेरून हिवाळ्याच्या स्वाधीन करणे, किंवा ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवून वसंतात पेरणे, अशा दोन रीती आहेत. लेखिकेचा पहिला वाफा पूर्ण रिकामा राहिला, कारण बी दोन वर्षांचे होते. ते त्यांनी लपवलेले नाही.

दुसरा पंथ गड्डा फोडणाऱ्यांचा. काढणीच्याच दिवशी किंवा मार्चच्या आसपास, कोंब वर येण्याआधी, माथ्याचे तुकडे हातभर अंतरावर लावले की पुढच्या हिवाळ्यात पीक हाती येते. यात आईचे सगळे गुण जसेच्या तसे उतरतात, आणि दांडा असेल तर तोही उतरतो. म्हणून विचारी माळी दोन्ही वाटा जोडतात. बियांपासून पुष्कळ रोपे करायची, पहिल्या हिवाळ्यात प्रत्येकाचे एक मूळ शिजवून पाहायचे, ज्याचा दांडा नरम आणि मुळे जाड तेवढीच ठेवायची, आणि तिथून पुढे त्याचे गड्डे फोडत राहायचे. बीने शोधायचे आणि गड्ड्याने जपायचे, असा हा क्रम. पार्स्निपवर बकमनने जे केले त्याची ही परसातली आवृत्ती आहे आणि ती कुणालाही करता येते.

तिसरा पंथ अलीकडचा, बारमाही भाज्यांचा. इंग्लंडच्या श्रॉपशरमध्ये रॉबर्ट हार्ट यांनी झाडे, झुडपे आणि भाज्या थरांनी लावून वनबाग केली. डेव्हनमध्ये मार्टिन क्रॉफर्ड यांनी १९९० च्या दशकात तो विचार पुढे नेला. अमेरिकेत एरिक टोएन्समायर यांचे बारमाही भाज्यांवरचे पुस्तक २००७ मध्ये आले आणि नव्या पिढीला स्किरेट त्यातून कळले. दरवर्षी नांगर-फावडे न चालवता, मातीतले जिवाणू आणि गांडुळे न ढवळता भाजी मिळवणे हे या मंडळींचे ध्येय आहे. चौथा पंथ इतिहासाच्या अभ्यासकांचा. जुन्या राजवाड्यांची स्वयंपाकघरे पुन्हा पेटवायची, ट्यूडर काळातला पाय तसाच भाजून पाहायचा, तर भाजीही त्या काळचीच हवी, म्हणून त्यांनी स्किरेट पुन्हा लावले. पाचवा पंथ बीरक्षकांचा. युरोपात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बियाणांचे कायदे असे झाले की अधिकृत यादीत नसलेले भाज्यांचे वाण विकायला मनाई आली. तेव्हा लॉरेन्स हिल्स यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये वारसा-बियांचे ग्रंथालय सुरू झाले. त्यात सभासद वर्गणी भरतात आणि बी भेट म्हणून मिळते. विकता येत नाही ते देता येते, या साध्या युक्तीवर शेकडो वाण जगले.

हे पाचही पंथ आपापल्या कारणासाठी एकाच झाडापाशी येतात. कुणाला चव हवी आहे, कुणाला निरोगी माती, कुणाला इतिहास, कुणाला बियांवरचा हक्क. लेखिकेने यांपैकी कुणालाही खोटे पाडलेले नाही, आणि कुणाचा जयघोषही केलेला नाही. प्रत्येकाकडून एकेक कसब उचलून त्यांनी आपल्या वाफ्यावर करून पाहिले आहे.

आज या विषयाकडे वळण्याचे कारण काय? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये जागतिक जैवविविधतेवर अहवाल काढला. माणसाने अन्नासाठी लागवडीखाली आणलेल्या सुमारे ६००० वनस्पतींपैकी उत्पादनात ठोस वाटा उचलतात त्या २०० हूनही कमी, आणि एकूण पीक उत्पादनाचा ६६ टक्के भार फक्त ९ पिकांवर आहे, असे तो सांगतो. थोड्या पिकांवर भिस्त ठेवण्याचा अर्थ आयर्लंडने १८४५ नंतर भोगला. तिथले गरीब जवळजवळ ‘लंपर’ या एकाच वाणाच्या बटाट्यावर जगत होते. करपा आला आणि दहा लाखांच्या आसपास माणसे भूक आणि रोगराईने गेली. ज्या बटाट्याने स्किरेटसारख्या भाज्यांना वाफ्यातून उठवले त्याच बटाट्याची ही गोष्ट आहे. स्किरेट लावून जगाची भूक भागणार नाही, आणि तसा दावा पुस्तकात कुठेही नाही. पण प्रत्येक जुनी भाजी म्हणजे एक वेगळी वाट असते, आणि सगळ्या वाटा बुजल्यावर नवी वाट शोधायला वेळ मिळतोच असे नाही.

दुसरे कारण हवामान. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडच्या कॉनिंग्जबी इथे पारा ४०.३ अंशांवर गेला. स्किरेटला ओल लागते. कोरड्या उन्हाळ्यात मुळे बारीक राहतात आणि दांडा चिवट होतो. थंडी कमी पडली तर गोडीही कमी उतरते. म्हणजे ही भाजी सगळ्या संकटांवरचा उतारा नाही, तिला स्वतःचेच संकट आहे. पालापाचोळ्याचे जाड आच्छादन, पाणी धरून ठेवणारी भुसभुशीत माती, दुपारची थोडी सावली, यांचा लेखिकेने अनेक उन्हाळे ताळा ठेवला आहे आणि ती पाने मला सर्वांत मोलाची वाटतात. तिसरे कारण फुलोऱ्याचे. उन्हाळ्यात स्किरेटच्या पांढऱ्या छत्र्यांवर होव्हरमाश्या आणि बारीक गांधीलमाश्या गर्दी करतात. त्यांपैकी अनेकांच्या अळ्या मावा आणि पिकावरच्या किडी खातात. पाच-सहा झाडे फुलोऱ्यासाठी राखली तर शेजारच्या कोबीलाही त्याचा उपकार होतो.

मग असे पुस्तक मराठीत का? पुण्यात किंवा परभणीत हे पीक घ्या, असे सांगायला ते लिहिलेले नाही. मुळांत गोडी उतरायला आणि झाड विसावायला लागणारा खरा हिवाळा आपल्या पठारावर नाही, आणि लेखिकेने ते स्पष्ट लिहिले आहे. पण ब्रिटन, जर्मनी, स्वीडन, अमेरिका इथे स्थायिक झालेली मराठी माणसे आता हजारोंनी आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या हाताला मातीची ओढ आहे. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने नागरिकांना भाडेपट्ट्याने वाफे पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. त्याला ॲलॉटमेंट म्हणतात आणि पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. त्यावर आपली माणसे मेथी, कोथिंबीर, भोपळा लावतात आणि ऑक्टोबरनंतर कुलूप लावून घरी बसतात. ज्या देशात राहतो तिथल्या हिवाळ्याचे पीक त्यांच्या हाती यावे, तिथल्या जुन्या शेजाऱ्याशी बोलायला त्यांना एक विषय मिळावा, ही लेखिकेची इच्छा आहे. त्यांना स्वतःला पहिला गड्डा अशाच एका वृद्ध शेजाऱ्याकडून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाला होता.

भाषेबद्दलही बोलायला हवे. थंड देशाच्या बागकामाचे पुस्तक मराठीत लिहायचे तर शब्द कुठून आणायचे? लेखिका सांगलीकडच्या हळद उत्पादकांच्या घरातल्या. त्यांच्या कानात बेणे, डोळा, फुटवा, जेठा गड्डा, भर लावणे, विरळणी हे शब्द लहानपणापासून होते. हळदीचे हळकुंड म्हणजे खोड आणि स्किरेटचे बोट म्हणजे मूळ, त्यामुळे हळकुंडाला कोंब फुटतो आणि स्किरेटच्या नुसत्या मुळाला बहुधा फुटत नाही. माथ्याचा डोळा सोबत असावा लागतो. हा फरक त्यांनी आधीच समजावून दिला आहे आणि मग मोकळ्या मनाने हळदीची भाषा वापरली आहे. त्यामुळे पुस्तक कुठेही भाषांतरासारखे वाटत नाही. सांगलीच्या शेतकऱ्याने ते वाचले तर पीक अनोळखी वाटेल, काम ओळखीचे वाटेल.

आणि जो वाचक महाराष्ट्रातच आहे त्याला यात एक आरसा सापडेल. कोकणात थंडीच्या दिवसांत उकडून खाल्ले जाणारे करांदे आणि कणगर ही अशीच परसातली, मेहनतीची, बाजाराने मागे टाकलेली कंदमुळे आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बी जमवून, वाटून जे काम केले त्याची दखल पद्मश्रीने घेतली. बी घरात साठवणे आणि दारात आलेल्याला देणे ही त्यांची रीत, आणि इंग्लंडच्या वाफ्यावरच्या त्या वृद्धाची रीत, एकच आहे. एका देशातली जुनी भाजी कशी विसरली गेली आणि कशी परत आणली जाते आहे हे नीट समजले, तर आपल्या मागच्या दारच्या वेलीकडे आपण निराळ्या नजरेने पाहू.

पुस्तकाचा आवाका लेखिकेने विचारपूर्वक बेताचा ठेवला आहे. मध्यभागी स्किरेट आहे, त्याच्याभोवती पार्स्निप, मुळाची पार्सली, कंदाचे चर्व्हिल ही भावंडे येतात, आणि प्रत्येकाची माती, बी, थंडी, कीड आणि स्वयंपाक यांची माहिती हाताशी येते. आकडे आहेत ते त्यांच्या स्वतःच्या वाफ्यावरचे आहेत आणि तसे म्हटलेले आहे. औषधी गुणांची आश्वासने नाहीत. जुन्या ग्रंथांत या मुळाला नाना शक्ती चिकटवल्या गेल्या. त्यांचा उल्लेख इतिहास म्हणून आहे, सल्ला म्हणून नाही. पार्स्निपच्या पानांचा रस अंगाला लागून त्यावर ऊन पडले तर फोड येतात, अशा बारीक पण महत्त्वाच्या सूचना जागोजागी आहेत. पाककृती थोड्या आहेत आणि त्यांत तूप-जिऱ्याच्या फोडणीची एक आहे. एकाच कुलातले मूळ आणि फळ तिथे एका कढईत भेटतात, हे पाहून या कुलाच्या जुन्या शिक्षकाला भरून आले.

वाचकाला एक विनंती. हे पुस्तक वाचून संपवण्याआधी शक्य असेल तर एक गड्डा मिळवावा आणि लावावा. पहिल्या हिवाळ्यात मुळे बारीक निघतील, दांडा लागेल, घासता घासता बोटे गारठतील. तरी माथा फेकू नये. त्याचे तुकडे करावेत, एक आपल्या मातीत परत ठेवावा आणि बाकीचे ओल्या कागदात गुंडाळावेत. माझ्या भेटीच्या अखेरीला लेखिकेने मला पाच तुकडे बांधून दिले. मी त्यांना म्हणालो की आमच्याकडे हे जगणार नाही. तेव्हा त्यांनी ते पुडके परत घेतले, कुंपणापलीकडे त्याच सकाळी नवा वाफा मिळालेले एक तरुण जोडपे तण उपटत होते त्यांच्याकडे गेल्या, आणि त्यांच्या हातावर ते ठेवले. लावायचे कसे हे सांगायला त्या मातीत गुडघे टेकून बसल्या. त्यांनी जे सांगितले तेच पुढच्या पानांत आहे.